फटीतल्या पेशींना हलवायचं किती?

प्रश्न : माझं वय 38. सात आठवड्यांपूर्वी नडगीचं हाड मधोमध मोडलं. आत रॉड टाकून वर-खाली स्क्रू मारले आहेत. डॉक्टर म्हणतात, कुबड्या घेऊन पायावर थोडा थोडा भार द्यायला लागा, त्यानेच हाड भरेल. घरचे म्हणतात, जुळेपर्यंत पाय हलवूसुद्धा नकोस. शेजारच्या काकूंचं नडगीचंच हाड गुडघ्याच्या सांध्यात मोडलं, प्लेट बसवली, पण त्यांना तीन महिने पाय टेकायची मनाई आहे. एकाच हाडाला दोन उलटे नियम कसे? मी वाचलं की नवं हाड स्टेम सेलपासून तयार होतं. भार दिला तर त्या नाजूक पेशी मरणार नाहीत का? एका ठिकाणी तर स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, महिन्याभरात चालाल असं सांगताहेत. घेऊ का?

उत्तर : तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे आणि काकूंच्या डॉक्टरांचंही बरोबर आहे. इंजेक्शन आत्ता घेऊ नका. या तिन्ही गोष्टी एकाच मुद्द्यावर येऊन थांबतात: मोडलेल्या फटीतल्या पेशींना दर पावलागणिक किती ताण बसतो.

हाड मोडलं की तिथे रक्त साकळतं. पहिल्या काही दिवसांत त्या गुठळीत दोन ठिकाणांहून मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, येऊन पोचतात. एक ठिकाण म्हणजे हाडावरच्या पातळ आवरणाचा आतला थर आणि दुसरं म्हणजे हाडाच्या पोकळीतली मज्जा. या पेशींचं पुढे काय व्हायचं हे तेव्हा ठरलेलं नसतं. त्यांच्यातून हाड होऊ शकतं, कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक ऊती, होऊ शकते, नुसती चिवट तंतुमय ऊतीही होऊ शकते, आणि हाड न जुळण्याचं दुखणं सुरू होतं ते या शेवटच्या शक्यतेतून. कुठली वाट धरायची हे पेशी आजूबाजूची रसायनं, रक्तपुरवठा आणि स्वतःला बसणारी ओढ यांवरून ठरवतात. पहिल्या दोन गोष्टींवर तुमचा ताबा मर्यादित आहे. तिसरी बऱ्याच अंशी तुमच्या पायाखाली आहे.

ही ओढ मोजायची रीत सोपी आहे. दोन तुकड्यांमधली हालचाल भागिले फटीची रुंदी. फट 1 मिलिमीटर असेल आणि पाऊल टाकताना तुकडे 0.1 मिलिमीटर हलले, तर फटीतल्या ऊतीला 10 टक्के ताण बसतो. स्विस शल्यचिकित्सक स्टेफान पेरेन यांनी 1970च्या दशकात या गणितावर आपली मांडणी उभी केली. तिचं मर्म असं, की जी ऊती तिथल्या ताणाने तुटेल ती तिथे तयार होऊच शकत नाही. गुठळीतून उगवणारी मऊ, दाणेदार ऊती स्वतःच्या दुप्पट लांब झाली तरी, म्हणजे 100 टक्के ताणापर्यंत, तग धरते. कूर्चा 10 टक्क्यांच्या आसपास सोसते. पक्कं हाड मात्र 2 टक्क्यांच्या पुढे गेलं की मोडतं. त्यामुळे ज्या फटीत 10 टक्के ताण आहे तिथे पेशी थेट हाड बनवायला जात नाहीत, आधी कूर्चा बनवतात.

आता काकूंच्या गुडघ्याकडे या. सांध्याच्या आत मोडलेल्या हाडाचे तुकडे केसभरही फट न ठेवता घट्ट दाबून बसवावे लागतात, कारण सांध्याचा पृष्ठभाग सपाट राहिला नाही तर पुढे तो सांधा झिजतो. समजा उरलेली फट 0.05 मिलिमीटर आहे. तिथे तुकडे नुसते 0.05 मिलिमीटर हलले, तरी ताण 100 टक्के झाला. तुमच्या 1 मिलिमीटरच्या फटीत तेवढीच हालचाल 5 टक्के भरते. म्हणजे जी हालचाल तुमच्या पेशींना कामाला लावते, तीच काकूंच्या फटीतल्या पेशी फाडून टाकते. शिवाय गुडघ्याखालच्या पोकळ, जाळीदार हाडाचा उचललेला भाग भाराने परत खाली दबू शकतो. म्हणून काकूंना भार बंद. गुडघा वाकवण्या-सरळ करण्याची परवानगी मात्र बहुतेक वेळा लवकर मिळते, कारण सांध्याच्या कूर्चेला हालचाल लागतेच.

तुमच्या रॉडचं तसं नाही. रॉड हाडाच्या पोकळीत बसतो आणि भार हाडाबरोबर वाटून घेतो. दर पावलाला तो किंचित वाकतो आणि तुकडे किंचित हलतात. ही रचना मुद्दाम तशी केलेली असते, कारण इथे हाड कॅलसच्या मार्गाने भरावं अशीच अपेक्षा आहे. कॅलस म्हणजे मोडलेल्या जागेभोवती येणारा फुगीर गोळा. तो बाहेरच्या बाजूने का वाढतो हे समजून घेतलं की पेशींच्या कामाची पद्धत लक्षात येते. गोल दांडा वाकवायला लागणारं बळ त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतं. तोच माल, पण व्यास दुप्पट, तर वाकण्याला विरोध 16 पट. म्हणून कॅलस अजून मऊ असला तरी नुसत्या जाडीच्या बळावर तुकड्यांची हालचाल कमी करतो. हालचाल कमी झाली की ताण उतरतो, ताण उतरला की पुढची, जास्त कडक ऊती तिथे टिकू शकते. दाणेदार ऊतीने कूर्चेसाठी जागा तयार करायची आणि कूर्चेने हाडासाठी, असा हा क्रम चालतो. एक्स-रेमध्ये पाहिलंत तर फटीपासून जरा दूर, हाडाच्या आवरणाला चिकटून, नवं हाड आधी दिसतं, कारण तिथे ताण कमी असतो. थेट फटीच्या मधोमध ते सगळ्यात शेवटी येतं.

पेशीला हे सगळं कळतं कसं? तुमच्या भीतीचं मूळ तिथे आहे, म्हणून थोडं जवळून पाहू. मूळ पेशी आजूबाजूच्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांना पकडून बसलेली असते. तिच्या पृष्ठभागावर इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांच्या पकडी असतात आणि आत त्या पकडींना अॅक्टिनच्या दोऱ्या बांधलेल्या असतात. पेशी या दोऱ्या सतत स्वतःकडे ओढत असते. समोरचा धागा लेचापेचा असेल तर तो ओढीबरोबर येतो आणि दोऱ्या सैल राहतात. धागा कडक असेल तर दोऱ्या ताठ होतात, पेशी पसरते आणि याप नावाचं प्रथिन पेशीकेंद्रात शिरतं. तिथे हाडाच्या बाजूची जनुकं चालू व्हायला त्याची मदत होते. कूर्चेकडे नेणाऱ्या आणि हाडाकडे नेणाऱ्या सूचना वेगळ्या असतात. सॉक्स9 हे प्रथिन वरचढ ठरलं तर कूर्चा होते, रनएक्स2 ठरलं तर हाड. याशिवाय पेशीच्या पातळ आवरणात पिझो1 नावाची दारं असतात. आवरण ताणलं गेलं किंवा बाजूने द्रव वाहिला की ती उघडतात आणि कॅल्शियम आत येतं. ही दारं 2010 मध्ये सापडली आणि त्या कामाचा 2021च्या नोबेल पारितोषिकात वाटा आहे. पाऊल टाकल्यावर हाडाच्या आणि कॅलसच्या बारीक वाटांमधून द्रव इकडून तिकडे ढकलला जातो, आणि पेशींना त्याचीच चाहूल लागते.

2006 मध्ये अमेरिकेत झालेला एक प्रयोग यात फार बोलका आहे. मानवी मज्जेतल्या मूळ पेशी वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलवर वाढवल्या, खाऊ-पिऊ सगळ्यांना तेच. सुमारे 1 किलोपास्कलपर्यंतच्या (हे कडकपणा मोजायचं एकक) मऊ जेलवर त्या चेतापेशींसारख्या दिसू लागल्या, 10च्या आसपास स्नायूंसारख्या, आणि 25 ते 40 किलोपास्कलच्या कडक जेलवर हाडाच्या पेशींसारख्या. काचेच्या बशीतलं सगळं शरीरात जसंच्या तसं घडत नाही, हे खरं. पण नुसता स्पर्श पेशीची वाट बदलू शकतो, एवढं त्यातून पक्कं झालं.

आता मात्रा. 1985 मध्ये इंग्लंडमधल्या गुडशिप आणि केनराइट यांनी मेंढ्यांच्या नडगीत 3 मिलिमीटरची फट करून बाहेरून फिक्सेटर, म्हणजे तुकडे जागेवर धरून ठेवणारी चौकट, लावला. काही मेंढ्यांच्या फटीला रोज 17 मिनिटं, सुमारे 500 वेळा, 1 मिलिमीटरची लयबद्ध हालचाल दिली. उरलेला दिवस फिक्सेटर ताठ. पूर्ण ताठ ठेवलेल्या मेंढ्यांपेक्षा या मेंढ्यांचं हाड लवकर आणि मजबूत जुळलं. याच मालिकेत पुढे असं दिसलं की 0.5 मिलिमीटरची हालचाल फायद्याची ठरते आणि 2 मिलिमीटरची नुकसान करते. यातून तुमच्या कामाच्या गोष्टी दोन. हालचाल दिवसभर लागत नाही, थोडा वेळ पुरतो. आणि उपयोगी मात्रा आणि अपायकारक मात्रा यांच्यातलं अंतर अगदी थोडं आहे, त्यामुळे अंदाजपंचे चालत नाही. न मोडलेल्या हाडांवरच्या प्रयोगांतही असंच दिसतं. उंदरांच्या हाडांना रोज 360 वेळा भार एकदम देण्यापेक्षा तोच 90-90 असा चार वेळा विभागून दिला तेव्हा हाड जास्त वाढलं. हाडातल्या पेशी सलग भाराला लवकर सरावतात आणि पुन्हा सावध व्हायला त्यांना काही तास लागतात. तेव्हा संध्याकाळी एकदाच दमछाक होईपर्यंत चालू नका. दिवसातून चार-पाच वेळा, पाच-दहा मिनिटं चालणं बरं.

घरच्यांची काळजी पहिल्या एक-दोन आठवड्यांसाठी खरी होती. तेव्हा गुठळीत केसांहून बारीक रक्तवाहिन्या उगवत असतात. जास्त हालचालीने त्या तुटतात, प्राणवायू कमी पडतो आणि पेशी हाडाऐवजी कूर्चेकडे, पुढे तंतूंकडे वळतात. उंदरांवरच्या प्रयोगात असंही आढळलंय की सुरुवातीलाच दिलेल्या भाराने रक्तवाहिन्यांची वाढ आणि हाड दोन्ही घटलं, आणि काही आठवडे थांबून दिलेल्या तशाच भाराने हाड वाढलं. तुम्ही सातव्या आठवड्यात आहात. आता पूर्ण आराम केलात तर नुकसान उलट दिशेने होईल. पेशींना कॅलस पक्का करण्याची निकडच जाणवणार नाही, आणि जुन्या हाडातल्या पेशी भार नाही असं पाहून स्क्लेरोस्टिन सोडतात, ज्याने नवं हाड घालण्याचं काम मंदावतं. पोटरीचे स्नायू वाळतील ते वेगळंच. एक लक्षात घ्या, पाय टेकला नाही तरी घोटा वर-खाली करताना स्नायूंच्या ओढीने हाडावर भार येतोच. घोट्याचा हा व्यायाम घरच्यांना चालत असेल तर फटीतल्या पेशी त्यांच्या नकळत कधीच कामाला लागल्या आहेत.

भार मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. काटा सपाट फरशीवर ठेवा. त्याच्या शेजारी तेवढ्याच उंचीची फळी ठेवा आणि चांगला पाय तिच्यावर घ्या. दोन्ही पाय एका पातळीत नसतील तर आकडा खोटा येतो. दोन्ही कुबड्या समोर टेकवून मोडलेला पाय काट्यावर ठेवा आणि हळूहळू दाब वाढवत डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्यापर्यंत जा. समजा तो 20 किलो आहे. तिथे पाच सेकंद थांबा, पायाच्या तळव्याला काय वाटतं ते लक्षात ठेवा, पाय उचला. मग नजर समोर ठेवून अंदाजाने तेवढाच दाब द्या आणि कुणाला तरी काटा वाचायला सांगा. असं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. बहुतेकांचा अंदाज चुकतो आणि चुकतो तो जास्तीच्या बाजूला. दमल्यावर तर हमखास. त्यामुळे आठवडाभर रोज तपासा, एकदा जमलं म्हणून काटा उचलून ठेवू नका.

डॉक्टरांनी आकडा सांगितला नसेल, नुसतं "थोडा थोडा" म्हटलं असेल, तर फोन करून आकडा मागा. "सोसेल तेवढा" असं उत्तर आलं तर वेदना हा तुमचा काटा. चालताना मोडलेल्या जागी बारीक ठणका आला आणि तासाभरात गेला, तर मात्रा ठीक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखत राहिलं किंवा सूज कालच्यापेक्षा वाढली, तर भार एक पायरी खाली आणा आणि दोन-तीन दिवस तिथेच थांबा. वाढवताना आठवड्याला 5 ते 10 किलोची चढण बहुतेक वेळा झेपते, पण तुमचं हाड किती तुकड्यांत मोडलंय यावर ती ठरते. बरेच तुकडे असतील तर सगळा भार वरच्या-खालच्या स्क्रूंवर जातो आणि घाई केल्यास ते स्क्रू तुटतात. म्हणून वेग डॉक्टरांनीच ठरवायचा.

भार कुठल्या दिशेने बसतो हे किती बसतो याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि याबद्दल रुग्णांना फार कमी वेळा सांगितलं जातं. सरळ वरून येणारा दाब तुकडे एकमेकांकडे ढकलतो. तो पेशींना मानवतो. पिळवटणं तुकड्यांना एकमेकांवर घासतं आणि नवी ऊती आडवी कापत जातं. नडगीला पीळ बसण्याचा नेहमीचा प्रसंग म्हणजे स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरात पाय जमिनीवर रोवून कंबरेतून मागे वळणं. वळायचं असेल तर छोटी छोटी पावलं टाकत अख्खं शरीर वळवा. मांडी घालून बसणं आणि उकिडवं बसणं आत्ता नको. अंथरुणात कुशीवर वळताना दोन्ही पाय एकत्र, मधे उशी घेऊन वळवा.

यातलं काही झालं तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा: ताप आणि जखमेतून पाणी किंवा पू, मोडलेल्या जागी अचानक कट्‌ असा आवाज होऊन भार देणं अशक्य होणं, पावलाची दिशा बदललेली दिसणं. पोटरी घट्ट, गरम होऊन दुखू लागली तरीही त्याच दिवशी, कारण शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याबरोबर धाप लागली किंवा छातीत दुखलं तर वाट न बघता थेट तातडीच्या विभागात जा.

इंजेक्शनचं सांगतो. मज्जेतल्या पेशी काढून, त्यांचं प्रमाण वाढवून न जुळलेल्या हाडात सोडण्याचा उपचार खरा आहे. 2005 मध्ये फ्रान्समधल्या एका गटाने नडगी न जुळलेल्या 60 रुग्णांवर तो केला आणि 53 जणांची हाडं जुळली. जुळली नाहीत त्यांना मिळालेल्या पेशींची संख्या कमी होती. पण ती सगळी हाडं भरायची थांबलेली होती आणि तिथे कॅलस जवळपास नव्हता. तुमचं हाड सात आठवड्यांचं आहे, भरण्याच्या ऐन मध्यावर. तुमच्याकडे पेशींची टंचाई आहे असं कुणी तपासलेलं नाही. आणि समजा बाहेरून पेशी घातल्या, तरी त्या त्याच फटीत, त्याच ताणाखाली जाऊन बसणार. ताण चुकीचा असेल तर नव्या पेशीही जुन्यांसारख्याच तंतू विणतील. महिन्याभरात चालवतो असं सांगणाऱ्याला एवढंच विचारा, की माझ्या एक्स-रेमध्ये तुम्हाला कमतरता पेशींची दिसते की स्थैर्याची, आणि कशावरून? उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे खिशातच ठेवा. घरी लावायच्या अल्ट्रासाउंडच्या यंत्राचंही कुणी सुचवेल. 2016 मध्ये नडगीत रॉड टाकलेल्या सुमारे 500 रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत त्याने ना हाड लवकर भरलं, ना रुग्ण लवकर कामावर गेले.

धूम्रपान करत असाल तर ते आज बंद करा. नव्या रक्तवाहिन्यांना त्याच्याइतका त्रास दुसरं फार थोडं काही देतं. वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने मनाने घेऊ नका, कोणत्या आणि किती दिवस हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. मधुमेह असेल तर साखर ताब्यात हवी.

पुढच्या भेटीत समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे निघतील. दोन्हींत मिळून हाडाच्या चार कडा दिसतात. डॉक्टरांना विचारा, चारपैकी किती कडांवर कॅलसचा पूल झालाय. तीन कडांवर झाला असेल तर हाड जुळल्यात जमा धरतात. भरपूर फुगलेला कॅलस दिसतोय, पण मधली काळी रेघ महिनोन्‌महिने तशीच आहे, असं असेल तर पेशी पुरेशा आहेत आणि हालचाल जास्त होतेय. डॉक्टर अशा चित्राला हत्तीच्या पायाची उपमा देतात आणि जाड रॉड घालून स्थैर्य वाढवतात. टोकं निमुळती आणि आजूबाजूला काहीच नाही, असं असेल तर कमतरता पेशींची किंवा रक्ताची. मग स्वतःच्याच कमरेच्या हाडातून काढलेला चुरा भरण्याचा, किंवा वर सांगितलेल्या मज्जेच्या पेशींचा, विचार होतो. आणि फट स्थिर आहे पण तुकडे एकमेकांना टेकतच नाहीत, असं दिसलं तर एका बाजूचे स्क्रू काढून तुकड्यांना एकमेकांवर बसू देता येतं. हा निर्णय साधारण तिसऱ्या महिन्यानंतर होतो, त्यामुळे आत्ता त्याची काळजी नको. सातव्या आठवड्यात चारांपैकी एका-दोन कडांवर धूसर पांढरी सावली दिसली, तरी तुमच्या पेशी योग्य वाटेवर आहेत.